ओझ्याची वाटणी

आमच्या घरांत आजवर झालेल्या वादांत सर्वांत जिव्हारीं लागलेला वाद घरादाराच्या वाटणीचा नव्हता, तर पाठीवरच्या ओझ्याच्या वाटणीचा होता, असें सांगितलें तर कित्येकांस हंसूं येईल. परंतु जेथें तीन पिढ्या एका पंक्तीस जेवतात तेथें कोणती गोष्ट केव्हां मोठी होईल याचा नेम नसतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें अशींच असल्यामुळें त्यांस हें निराळें सांगावयास नको.

गोष्ट अशी झाली. २०२४ च्या आषाढांत माळा साफ करीत असतां कॅन्व्हासची एक जुनी, जाडीभरडी पिशवी सांपडली. ती पाहतांच आमचे काका हातांतील केरसुणी ठेवून खालीं बसले. काकांचें वय एकाहत्तर; सारा जन्म शाळेंत भूगोल शिकविण्यांत गेला. १९७४ च्या श्रावणांत काका व आमचे तीर्थरूप असे दोघे भाऊ ही पिशवी आळीपाळीनें पाठीशीं बांधून गुहागरापासून गणपतिपुळ्यापर्यंत पायीं गेले होते. तीर्थरूपांस जाऊन आतां दोन वर्षें होत आलीं होतीं. काका पिशवीवरची धूळ झटकीत एवढेंच म्हणाले, "एकदां पुन्हा तसेंच जावें असें मनांत आहे. पावसांतच."

घरांतील वडील माणसानें इच्छा बोलून दाखविली म्हणजे नको म्हणावयास तोंड धजत नाहीं आणि हो म्हटल्यास जबाबदारी अंगावर येते. आम्हींही प्रथम मधला मार्ग काढून पाहिला. "दिवाळीनंतर जाऊं, हवा चांगली असते," असें सुचविलें. काका म्हणाले, "दिवाळीनंतर सगळेच जातात." मग मोटारीनें जाण्याचें सुचविलें. त्यावर ते कांहींच बोलले नाहींत, आणि त्यांचें न बोलणें आम्ही लहानपणापासून ओळखतों. काकूंनीं "अहो, गच्चींत उभे रहा, पाऊस तेथेंही पडतो," असा टोला दिला. पण त्याच संध्याकाळीं त्या काकांच्या लोंकरीच्या बनियनला रफू करीत बसलेल्या दिसल्या, तेव्हां ठराव मंजूर झाला असें सर्वांनीं ओळखलें.

जाणारीं माणसें चार ठरलीं: काका, आम्ही, आमची कन्या आणि थोरल्या बंधूंचे चिरंजीव. चिरंजीवांनीं सह्याद्रींतील पुष्कळ किल्ले पालथे घातलेले. त्यामुळें सामानाचें शास्त्र आपणांस अवगत आहे असा त्यांचा समज होता, आणि तो बराचसा खराही होता. आमच्या सौ. नीं मात्र स्पष्ट सांगितलें कीं, यंदा बांधाबांध त्या करतील. पुढच्या वर्षीं त्या चालतील आणि स्वयंपाकघर आम्ही सांभाळूं. हा करार टिपणवहींत नोंदला गेला आहे, म्हणून येथेंही लिहून ठेवितों.

प्रवासाची आंखणी म्हणजे तारीख ठरविणें अशी आमची समजूत होती. काकांनीं तारीख न ठरवितां तिथि ठरविली. समुद्राकांठच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे. पक्षांतील तिथीची संख्या पाऊणपट करावी, म्हणजे मुंबईकडील भरतीची वेळ साधारणपणें तासांत निघते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते, आणि रोज ही वेळ सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या कांहींशी आधीं येते, एवढा फरक धरावयाचा. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास समुद्राला उधाण असतें. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे पाणी चढतेंही बेताचें आणि उतरतेंही बेताचें. पुळणीवरून चालावयाचें तर ओहोटी दिवसाउजेडीं असावी आणि समुद्र उधाणाचा नसावा. या दोन्ही गोष्टी अष्टमीच्या आसपास जुळतात. म्हणून नागपंचमी घरीं करून निघावें आणि नारळी पौर्णिमेपूर्वीं परत यावें असें ठरलें. नेमक्या वेळा मात्र छापील कोष्टकांतून घ्यावयाच्या हें काकांनीं बजावलें. "पाऊणपटीचा हिशेब पडताळा पाहण्यासाठीं आहे, जीव टांगण्यासाठीं नव्हे," असें ते म्हणाले.

पावसाचा हिशेबही मांडला. पुण्यांत वर्षभरांत जेवढा पाऊस पडतो त्याच्या चौपट पाऊस रत्नागिरीकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरांची मर्यादा गांठली कीं हवामानखातें त्यास मुसळधार म्हणतें आणि ११५.६ पासून अतिमुसळधार. हे आंकडे ऐकून काकूंनीं कपाळास हात लाविला. परंतु आंकड्यांचा उपयोग भिण्यासाठीं नसून नियम करण्यासाठीं असतो. आमचा नियम असा झाला: नारिंगी इशारा असेल त्या दिवशीं पुळण व सडा वर्ज्य, गांवांतील रस्त्यानें जमेल तेवढेंच चालावयाचें, लाल इशारा असेल त्या दिवशीं उंबरठा ओलांडावयाचा नाहीं. कोंकणांतील सडा ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: जांभ्या दगडाचें तें उघडें पठार असतें, पावसाळ्यांत त्यावर हिरवेंगार गवत आणि घोट्याएवढें पाणी असतें, परंतु वाऱ्यापासून आडोसा म्हणून एक झाड मिळत नाहीं.

वाट साधी होती. पुण्याहून कराड, कोयनानगर व कुंभार्ली घांट या मार्गानें चिपळूण आणि तेथून गुहागर एस. टी. नें. गुहागरास व्याडेश्वराचें दर्शन घेऊन पालशेत व अडूर या गांवांवरून वेळणेश्वर, पुढें हेदवी, मग तवसाळ, तेथून तरीनें शास्त्री नदीचें मुख ओलांडून जयगड, आणि शेवटीं मालगुंडावरून गणपतिपुळें. रस्त्यानें मोजल्यास साठ-पासष्ट किलोमीटरांचा पल्ला, चालण्याचे दिवस चार. प्रत्येक मुक्कामीं घरगुती सोय दूरध्वनीवरून आधीं ठरविली. प्रत्येक दिवसाच्या मध्यावर एस. टी. चा एक थांबा हेरून ठेविला, म्हणजे कोणाचा पाय मुरगळला तर माघार घेतां यावी. २२ जुलै २०२१ रोजीं वासिष्ठीच्या पुरानें चिपळूण शहर पाण्याखालीं गेलें होतें. तें स्मरून येण्याजाण्याचा पर्यायी मार्गही लिहून ठेविला.

एका गोष्टीवर मात्र वाद झाला. काकांनीं चार दिवसांच्या चालीला पांचवा एक राखीव दिवस जोडला. "त्या दिवशीं करावयाचें काय?" असें चिरंजीवांनीं विचारलें. "कांहीं नाहीं. तो दिवस पावसाचा," असें काकांनीं उत्तर दिलें. नोकरींतील रजा मोजूनमापून घेणाऱ्या माणसास हें पटणें कठीण होतें. अखेर वडीलपणाच्या मानानें तो दिवस राहिला. त्याची किंमत पुढें कळली.

आतां सामानाकडे वळूं. दिवाणखान्यांत सतरंजी पसरून ज्याला जें अवश्य वाटेल तें त्यानें आणून ठेवावें असें ठरलें. संध्याकाळपर्यंत ढीग झाला तो पाहून लग्नाचें बिऱ्हाड निघालें कीं काय असें वाटावें. काट्यावर चढविला तेव्हां शेहेचाळीस किलो भरला. त्यांत काकांची घोंगडी होती, काकूंनीं दिलेला लाडवांचा पितळी डबा होता, आमची दोन जाड पुस्तकें होतीं आणि कन्येचीं केंस वाळविण्याचें यंत्र होतें. यंत्र प्रथम गेलें. पुस्तकें दुसरीं गेलीं, कारण पावसाळी हवेंत पुस्तक वाचलें जात नाहीं, तें फक्त फुगतें. घोंगडीवर बराच वेळ गेला. लोंकर ओली झाली तरी अंगास ऊब देते हें खरें, आणि सुती कपडा ओला झाला कीं पाणी धरून बसतो व अंगांतील ऊब उलट शोषून घेतो हेंही खरें; म्हणून सुती सदरे व धोतरें घरींच ठेविलीं. परंतु भिजलेली घोंगडी उचलावयास दुसरा माणूस लागतो. तेव्हां घोंगडीच्या जागीं काकूंनीं रफू केलेलें लोंकरीचें बनियन आलें.

भिजणें टाळतां येत नाहीं, हें चिरंजीवांनीं प्रथमच सांगून टाकलें. अंगावरचा रेनकोट पाऊस अडवितो, पण आंत घाम सांचतो. दोन तास चाललें कीं माणूस कसाही ओलाच. कोंकणांतील शेतकऱ्याचें इरलें या दृष्टीनें शहाणपणाचें, कारण खालून वारा खेळतो आणि लावणीला दोन्ही हात मोकळे रहातात. पण सड्यावरच्या वाऱ्यांत इरलें घेऊन चालणें म्हणजे शीड उभारून निघणें होय. छत्रीही गांवांतल्या पाखाडीपुरती ठीक. समुद्रावर ती उलटी होऊन हातांत काड्या रहातात. तेव्हां अंग भिजेल हें गृहीत धरावें आणि सामान कोरडें राखावें, हा मुख्य सिद्धान्त ठरला.

तो कसा साधावा याची परीक्षा न्हाणीघरांत झाली. चौघांच्या पिशव्यांत जुनीं वर्तमानपत्रें भरून, त्यांवर बाहेरचें आवरण चढवून, प्रत्येकीवर चार बादल्या पाणी ओतलें. आवरण असूनही पाठीकडच्या बाजूचे सर्व कागद भिजले; कारण पाऊस पिशवीवर जेवढा पडतो तेवढाच माणसाच्या मानेवरून पाठीवर ओघळतो, आणि त्या बाजूस आवरण नसतें. म्हणून दुसऱ्या परीक्षेंत पिशवीच्या आंत प्लॅस्टिकची जाड मोठी पिशवी अस्तरासारखी घातली, तिचें तोंड पिळून दुमडून बांधलें, आणि आंतही कपडे, औषधें व कागदपत्रें वेगवेगळ्या लहान पिशव्यांत ठेविलीं. या वेळीं एकही कागद भिजला नाहीं. बाजारांत महाग साधनें पुष्कळ मिळतात; परंतु न्हाणीघरांतील चार बादल्यांनीं जें शिकविलें तें कोणत्याही दुकानदारानें शिकविलें नसतें.

कपड्यांचा नियम सर्वांत कडक. प्रत्येकानें दोनच जोड घ्यावयाचे: एक चालण्याचा, एक रात्रीचा. रात्रीचा जोड दिवसा कितीही मोह झाला तरी अंगावर घालावयाचा नाहीं. सकाळीं पुन्हा तेच ओले, गार कपडे चढवावयाचे. तरुण मंडळींस याचें मर्म समजेना. तेव्हां काकू स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "अरे, हें आपलें सोंवळेंच कीं! उंच काठीवर वाळत घातलेलें, कोणी शिवावयाचें नाहीं. तुमच्या आजेसासूबाईंनीं मला पहिल्या महिन्यांत हेंच शिकविलें." घरांतील सोंवळें केव्हांच सुटलें असतां तें असें प्रवासाच्या पिशवींतून परत आलेलें पाहून सर्वांस मौज वाटली. त्या दिवसापासून कोरड्या जोडास सोंवळें आणि ओल्या जोडास ओंवळें हींच नांवें पडलीं, आणि नियम मोडावयास कोणी धजलें नाहीं.

पायांची काळजी काकांकडे होती. पाय दिवसभर ओले राहिले म्हणजे बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मग एक मैलही चालवत नाहीं. सकाळीं पायांस खोबरेल चोळावयाचें, मुक्कामीं पोंचतांच पाय धुवून, पुसून, पूर्ण कोरडे करावयाचे, आणि बुटांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून ठेवावयाचे. मध्यरात्रीं कोणास जाग आल्यास त्यानें बोळे बदलावे. बूट नवे नसावेत हें तर सर्वमान्यच. आमच्या डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. कोंकणांत पावसाळ्यांत लेप्टोचा ताप आढळतो. त्याचे जंतु उंदीर व गुरें यांच्या मुत्रानें दूषित झालेल्या पाण्याचिखलांतून कातडीवरच्या जखमेवाटें शरीरांत शिरतात. म्हणून अनवाणी चिखलांत उतरूं नये, लहानसा ओरखडाही झांकून ठेवावा, आणि परत आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आल्यास कोंकणांत जाऊन आल्याचें वैद्यास आपण होऊन सांगावें. फुरसें त्या बाजूस पुष्कळ. तेव्हां अंधार पडल्यावर विजेरीवांचून पाऊल टाकूं नये आणि गडग्याच्या दगडांत हात घालूं नये.

शिदोरीचें खातें सौ. नीं पाहिलें. पावसाळी हवेंत चिवडा एका दिवसांत सादळतो, म्हणून तो बाद. दुधांतल्या दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठीं. पुढें सातूचें पीठ आणि गूळ, म्हणजे वाटेंत पाण्यांत कालविलें कीं झालें. शिवाय आल्याच्या वड्या, मेतकूट, शेंगदाणे आणि मीठसाखरेची पुडी. लाडवांचा पितळी डबा राहिला. लाडू मात्र पिशवींत बसून आले.

अशा रीतीनें शेहेचाळीस किलोंचे चोवीस किलो झाले. येथवर सर्व सुरळीत होतें.

पुढें जें झालें त्याचा दोष सर्वस्वीं आमच्याकडे आहे. डॉक्टरांनीं काकांचें हृदय तपासून, चालण्यास हरकत नाहीं, ओझें पांच किलोंपर्यंत असावें, असें सांगितलें होतें. आम्हांस तेवढ्यानें समाधान वाटेना. निघण्याच्या आदल्या रात्रीं सर्व निजल्यावर आम्हीं व चिरंजीवांनीं पिशव्या पुन्हा उघडल्या. काकांच्या पिशवींतील जड वस्तु काढून आमच्यांत घातल्या आणि ती रिकामी दिसूं नये म्हणून चौघांचे रात्रीचे कपडे, हलके पण फुगीर, तींत भरले. आपण मोठें पुण्य केलें अशा समाधानानें आम्ही निजलों.

सकाळीं काकांनीं पिशवी उचलली मात्र, आणि पुन्हा खालीं ठेविली. कांहीं न बोलतां काटा आणला. त्यांची पिशवी तीन किलो दोनशें ग्रॅम. मग त्यांनीं एकेक करून आमच्याही पिशव्या काट्यावर ठेविल्या. चाळीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास नक्कल ओळखावयास किती वेळ लागणार? ते रागावले असते तर बरें झालें असतें. ते शांतपणें म्हणाले, "तुम्ही माझ्याबरोबर येत आहांत, कीं मला नेत आहांत?" आणि पिशवी खुंटीवर अडकवून आंत गेले.

एस. टी. ला दोन तास होते. घरांत कोणी बोलेना. आम्हीं स्वयंपाकघरांत जाऊन काकूंपुढें आपली बाजू मांडूं लागलों: त्यांच्या भल्यासाठींच केलें, वाटेंत कांहीं झालें असतें तर काय, वगैरे. काकू पोळ्या लाटतां लाटतां म्हणाल्या, "अरे, ओझें जड झालें म्हणून त्यांना लागलेलें नाहीं, न विचारतां हलकें केलें म्हणून लागलें. विचारलें असतेंस तर त्यांनीं आपणहून कमी केलें असतें. तुझ्या वडिलांनीं त्यांना कधीं न विचारतां सोडलें नव्हतें."

हें ऐकून आम्हांस स्वतःची लाज वाटली. वडील माणसांची काळजी घेण्यांत आपण त्यांना हळूहळू सामानाच्याच यादींत घालतों, हें तोंवर ध्यानांत आलें नव्हतें. आम्ही काकांच्या खोलींत गेलों, चुकलों म्हणून सांगितलें, आणि चौघांच्या पिशव्या दिवाणखान्यांत आणून पुन्हा सतरंजीवर रिकाम्या केल्या. या वेळीं वाटणी उघड झाली आणि ती काकांनींच केली. प्रत्येकाचें वजन, वय आणि दुखणें विचारांत घेऊन त्यांनीं कागदावर आंकडे मांडले: स्वतःस चार किलो आठशें, कन्येस साडेपांच, चिरंजीवांस साडेसात, आणि आम्हांस सहा किलो दोनशें, कारण गेल्या वर्षीं आमची कंबर धरली होती तें त्यांच्या लक्षांत होतें. औषधांची पेटी, पैसे, भरतीओहोटीचें कोष्टक आणि दोर त्यांनीं स्वतःकडे घेतलीं. आम्हीं मारलेल्या तीन किलोंच्या मापापेक्षां त्यांनीं स्वतःसाठीं घेतलेलें माप डॉक्टरांच्या मर्यादेच्या आंतच होतें. आम्हांस मात्र तें विचारण्याची बुद्धि झाली नव्हती.

प्रवासाचें वर्णन येथें करण्याचा हेतु नाहीं. वेळणेश्वराच्या पुळणीवर ओहोटीचें करडें पाणी आणि माडांवरून तिरपा येणारा पाऊस, हेदवीच्या दशभुज गणपतीचें दर्शन, भरतीच्या वेळीं बामणघळींत शिरून उंच उसळणारें पाणी, तेंही दूर उभे राहून पाहिलेलें, मालगुंडास १८६६ सालीं जन्मलेल्या केशवसुतांचें घर, हें सर्व ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगणें नको, आणि ज्यांनीं नाहीं त्यांनीं पाहावें. ओझ्याशीं संबंध असलेल्या दोनच गोष्टी सांगतों.

पहिली वेळणेश्वराच्या मुक्कामीं घडली. रात्रीं पिशवी उघडली तों ताडपत्री आणि शिदोरीची मोठी पिशवी आमच्या सामानांत नव्हती. दोन्ही कन्येच्या पिशवींत निघालीं. गुहागरास आम्ही देवळांत असतां तिनें त्या गुपचूप काढून घेतल्या होत्या. "बाबा, तुमची कंबर," एवढेंच ती म्हणाली. आम्हांस एकदम राग आला. आम्ही काय म्हातारे झालों? पन्नाशीला अजून दोन वर्षें आहेत! इतक्यांत काकांकडे दृष्टि गेली. ते बुटांत कागदाचे बोळे कोंबीत होते आणि मान वर न करतां हंसत होते. "लागलें ना?" त्यांनीं विचारलें. आम्हीं कबूल केलें कीं लागलें. दुसऱ्या सकाळीं तीनही पिढ्यांच्या देखत ताडपत्री परत आमच्या पाठीवर आली आणि शिदोरी, आमच्या संमतीनें, कन्येकडे राहिली.

दुसरी तवसाळची. आम्ही धक्क्यावर पोंचलों तेव्हां नारिंगी इशारा होता, वारा सुटला होता आणि तर बंद ठेविलेली होती. समोर जयगड पावसाआड दिसे न दिसेसा झालेला. तेथें कोणी एक जण लहान होडीनें पलीकडे सोडतों म्हणाला. चिरंजीव तयार झाले. खरें सांगावयाचें तर आम्हीही झालों, कारण रजेचे दिवस मोजलेले. काकांनीं पिशवी खालीं ठेविली आणि म्हणाले, "आज नाहीं." मग त्यांनीं जें सांगितलें तें आम्हीं पन्नास वर्षांत कधीं ऐकलें नव्हतें. १९७४ सालीं याच ठिकाणीं, अशाच हवेंत, दोघां भावांनीं नावाड्यास दुप्पट पैसे देऊन होडी सोडावयास लाविली होती. मध्यावर पाणी आंत येऊं लागलें. आमच्या तीर्थरूपांनीं ती कॅन्व्हासची पिशवी उलटी करून रिकामी केली आणि तिनें पलीकडे पोंचेपर्यंत पाणी उपसलें. कपडे, शिदोरी, सगळें शास्त्री नदीच्या स्वाधीन झालें. "घरीं येऊन सांगितलें कीं सामान पावसांत भिजून खराब झालें. आईला खरें कधीं सांगितलें नाहीं. दादा म्हणाला होता, पुन्हा आलों तर एक दिवस जास्त घेऊन येऊं."

पांचवा दिवस कोठून आला तें तेव्हां समजलें. आम्ही तो दिवस तवसाळास एका घराच्या ओसरीवर काढला. गरम भात, कुळथाचें पिठलें आणि बाहेर कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या. दुसरें कांहीं केलें नाहीं. तिसऱ्या प्रहरीं चिरंजीव काकांकडून पाऊणपटीचा हिशेब शिकत बसले. दुसऱ्या दिवशीं वारा पडला, तर सुरू झाली, आणि आम्ही जयगडास उतरलों. गणपतिपुळ्यास देवळाच्या टेकडीची प्रदक्षिणा काकांनीं पिशवी पाठीवर ठेवूनच घातली. आम्हीं ती मागितली नाहीं.

घरीं परतल्यावर काकांनीं पुन्हा सतरंजी पसरली आणि सामानाचे तीन ढीग केले: रोज लागलेलें, एकदांच लागलेलें, मुळींच न लागलेलें. तिसरा ढीग पुढच्या खेपेस घरीं रहावयाचा. त्यांतून औषधें, दोर आणि विजेरीच्या जादा बॅटऱ्या मात्र वगळावयाच्या, कारण त्या लागल्या नाहींत हेंच आपलें भाग्य. तिसऱ्या ढिगांत मुख्यतः आमच्याच वस्तु होत्या. हा हिशेब सौ. नीं वहींत उतरून घेतला असून पुढच्या श्रावणाच्या पानावर आपलें नांव घातलें आहे.

असो. कॅन्व्हासची जुनी पिशवी आतां माळ्यावर गेलेली नाहीं. ती काकांच्या खोलींत खुंटीवर आहे. कोणी ती उचलून ठेवावयाची झाल्यास आधीं काकांस विचारतो.